भिलाईच का? इतिहासाच्या दीर्घोत्तरी उत्तरातील युक्तिवाद

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेतील दीर्घोत्तरी प्रश्न, म्हणजे ज्याचे उत्तर दोन-चार वाक्यांत न आटोपता दीड-दोन पाने चालते असा प्रश्न, विद्यार्थ्याकडे दोन गोष्टी एकदम मागतो: घडलेल्या गोष्टींची माहिती आणि त्या माहितीवरून त्याने स्वतः काढलेला निष्कर्ष. पहिल्या मागणीची तयारी शाळेत, घरी आणि शिकवणीत वर्षभर चाललेली असते. दुसरीची तयारी सहसा कोणी करून घेत नाही, आणि ती करून घ्यायची असते हेही अनेकांच्या ध्यानी नसते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या बारावीच्या इतिहासात लेखी परीक्षेच्या ८० गुणांपैकी २४ गुण अलीकडच्या वर्षांत प्रत्येकी ८ गुणांच्या तीन दीर्घोत्तरी प्रश्नांना दिलेले असतात आणि प्रत्येक उत्तर ३०० ते ३५० शब्दांत लिहावे अशी अपेक्षा असते. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या प्रश्नपत्रिकेत ‘सकारण स्पष्ट करा’ आणि ‘आपले मत नोंदवा’ असे प्रश्न येतात. प्रश्न काढणाऱ्याने आपला हेतू इतका उघड सांगितलेला असूनही उत्तरपत्रिकेत बहुधा उतरते ती पाठ्यपुस्तकातील परिच्छेदांची क्रमवार उजळणी.

प्रस्तुत विवेचन भिलाईतील मराठी घरांतल्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून केलेले आहे. पोलाद कारखान्याभोवती सेक्टरांच्या क्रमांकांनी वसवलेल्या या शहरात देशाच्या नाना भागांतून, विदर्भातूनही, कुटुंबे येऊन स्थिरावली. त्यांची मुले कारखान्याने चालवलेल्या किंवा इतर शाळांत हिंदीतून अथवा इंग्रजीतून शिकली. आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी शहराचे नाव दूरवर गेले. अशा ठिकाणी इतिहास हा पाठ करून उरकण्याचा विषय ठरतो हे समजण्यासारखे असले तरी विपरीत आहे, कारण ज्या मुलाला भूमितीतील सिद्धता एकही पायरी न गाळता लिहिता येते त्याला इतिहासाचे उत्तर त्याच शिस्तीने लिहिण्यास अडचण पडू नये. शिवाय या शहराचा जन्मच इतक्या अलीकडचा आणि इतका नोंदलेला आहे की कारणमीमांसेचा सराव करण्यासाठी त्याहून सोयीचे उदाहरण शोधावे लागत नाही.

युक्तिवाद म्हणजे एखादे विधान मांडून ते का मान्य करावे याची कारणे अशा क्रमाने देणे की प्रत्येक कारणाचा त्या विधानाशी असलेला संबंध वाचणाऱ्याला दिसावा. शाळेत ज्याला मुद्दा म्हणतात तो युक्तिवादाचा कच्चा माल असतो. गाईडांतून आणि अपेक्षित प्रश्नसंचांतून मिळणारी आदर्श उत्तरे दहा मुद्द्यांना दहा क्रमांक देतात आणि सर्वांना सारखेच वजन देतात, त्यामुळे तिसरा मुद्दा सातव्याच्या जागी नेला तरी उत्तरात काही बिघडत नाही. आणि ज्या उत्तरातील मुद्द्यांची जागा बदलूनही काही बिघडत नाही, त्यात युक्तिवाद नाही असे खुशाल समजावे.

युक्तिवादाचा सांगाडा कसा असावा याचा विचार भारतीय न्यायदर्शनात फार पूर्वी झालेला असून तो शालेय उत्तराला आश्चर्य वाटावे इतका लागू पडतो. दुसऱ्याला पटवून देण्यासाठी केलेल्या अनुमानाचे नैयायिकांनी, म्हणजे या दर्शनाच्या अभ्यासकांनी, पाच अवयव मानले: सिद्ध करायचे विधान म्हणजे प्रतिज्ञा, त्याचे कारण म्हणजे हेतू, ते कारण जिथे लागू पडते असा परिचित दाखला म्हणजे उदाहरण, तो दाखला चालू प्रकरणाला कसा लागू पडतो हे सांगणारे वाक्य म्हणजे उपनय, आणि या सगळ्यावरून पुन्हा मांडलेले विधान म्हणजे निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे, जिथे धूर असतो तिथे अग्नी असतो, जसा स्वयंपाकघरात, आणि या डोंगरावरही तसाच धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे, हा या पद्धतीचा सर्वांना ठाऊक असलेला नमुना. शालेय उत्तरात प्रतिज्ञा अनेकदा असते, कारणे भरपूर असतात, घटना आणि सनावळ्याही असतात. हमखास गळतो तो उपनय. विद्यार्थी वस्तुस्थिती लिहितो आणि लगेच पुढच्या वस्तुस्थितीकडे वळतो. त्या वस्तुस्थितीने प्रतिज्ञा कशी बळकट झाली हे सांगणारे एक वाक्य तो लिहीत नाही, कारण ते त्याला उघड वाटते आणि तपासणाऱ्याला ते कळेलच अशी त्याची समजूत असते. परीक्षकाला ते कळतेही. पण विद्यार्थ्याला ते कळले आहे याचा पुरावा त्याच्यासमोर नसतो, आणि गुण त्या पुराव्याला असतात.

हे सर्व ‘स्वतंत्र भारतातील सार्वजनिक क्षेत्राचा मोठा पोलाद कारखाना भिलाईलाच का उभारला गेला?’ या प्रश्नावर तपासून पाहता येते. शहरातील बहुतेक विद्यार्थी या प्रश्नाचे उत्तर एका दमात देतील: दक्षिणेस दल्ली-राजहरा येथे उत्तम लोहखनिज, उत्तरेस नंदिनी येथे चुनखडी, तांदुळा जलाशयाचे पाणी, हावडा-मुंबई लोहमार्ग, सोव्हिएत संघाचे साहाय्य, मागासलेल्या भागाचा विकास करण्याचे शासनाचे धोरण, आणि तत्कालीन मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांनी लावून धरलेला आग्रह. यातील एकही गोष्ट खोटी नाही. तरीही हे उत्तर नाही, ही यादी आहे, कारण यातील कोणते कारण काम करीत होते आणि कोणते नुसते उपस्थित होते हे तिच्यावरून समजत नाही.

यादीचे उत्तर करण्याची पहिली पायरी म्हणजे प्रश्न फोडणे. ‘भिलाईलाच का’ या दोन शब्दांत तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत: कारखाना उभारायचाच का, तो त्याच वेळी का, आणि त्याच जागी का. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने, म्हणजे १९५६ ते १९६१ या काळासाठी आखलेल्या आर्थिक कार्यक्रमाने, अवजड उद्योगांवर भर दिला, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेला करार, ज्यात वर्षाला दहा लाख टन पोलादाच्या क्षमतेचा कारखाना उभारण्यास साहाय्य देण्याचे ठरले, दुसऱ्या प्रश्नाकडे नेतो. पण यांपैकी कोणतीही गोष्ट जागेचा उलगडा करीत नाही. त्याच योजनेच्या काळात पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने राउरकेला आणि ब्रिटनच्या साहाय्याने दुर्गापूर येथे कारखाने उभे राहिले; म्हणजे परदेशी साहाय्य तिन्ही ठिकाणी होते आणि जागा तीन निराळ्या होत्या. ही तुलना एका वाक्यात लिहिली तरी सोव्हिएत साहाय्य हा मुद्दा यादीतून उचलून आपल्या योग्य खान्यात जाऊन बसतो.

उरला जागेचा प्रश्न, आणि तिथे विद्यार्थ्याचा हात आपोआप लोहखनिजाकडे जातो. लोहखनिज होते म्हणून कारखाना आला, हे विधान इतके सरळ दिसते की त्याची परीक्षा करावी असे कोणाच्या मनात येत नाही. ती परीक्षा करण्यास उपयोगी पडणारी घटना नागपूरची आहे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, जमशेटजी टाटा यांच्या पोलाद उद्योगाच्या शोधकार्यात असलेल्या दोराबजी टाटा यांच्या नजरेस नागपूरच्या संग्रहालयातील एक भूगर्भीय नकाशा पडला, ज्यात दुर्ग भागात लोहखनिज असल्याचे रंगाने दाखवलेले होते. प्रमथनाथ बोस यांनी त्या भागाची भूगर्भीय पाहणी पूर्वीच केलेली होती. टाटांच्या तज्ज्ञांनी तिथल्या दल्ली-राजहऱ्याच्या टेकड्या प्रत्यक्ष पाहिल्या, खनिज उत्तम असल्याची खात्री करून घेतली, आणि तरीही हा प्रदेश सोडून दिला, कारण भट्टीला चालेल असा दगडी कोळसा जवळ नव्हता आणि पाण्याचाही प्रश्न होता. पुढे त्याच बोस यांनी मयूरभंजच्या खनिजाकडे लक्ष वेधले, १९०७ मध्ये टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली आणि कारखाना साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, उभा राहिला.

ज्या कारणाच्या उपस्थितीतही परिणाम घडत नाही त्या कारणाला नैयायिक सव्यभिचार म्हणतात, म्हणजे असा हेतू जो साध्याची, म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टीची, साथ अधूनमधून सोडतो. दल्ली-राजहऱ्याचे खनिज विसाव्या शतकाच्या आरंभी होते आणि कारखाना आला नाही. १९५५ मध्ये तेच खनिज होते आणि कारखाना आला. तेव्हा खनिज आवश्यक होते एवढेच म्हणता येते, पुरेसे होते असे म्हणता येत नाही, आणि आवश्यक कारण व पुरेसे कारण यांतील हा भेद ज्या उत्तरात स्पष्ट दिसतो ते उत्तर एकाच तुलनेच्या बळावर इतरांच्या पुढे जाते. पुढचा प्रश्न मग ओघानेच येतो: मधल्या अर्ध्या शतकात बदलले काय? पाण्याची स्थिती बदलली, कारण सिंचनासाठी बांधलेला तांदुळा जलाशय १९२१ च्या सुमारास तयार झाला होता. कोळशाची स्थिती मात्र फारशी बदलली नाही. भिलाईच्या भट्ट्यांनाही योग्य कोळसा झरिया-बोकारोच्या बाजूने शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने आणावा लागला. बदलला तो हिशेब करणारा. खासगी भांडवलाने ज्या वाहतूक-खर्चामुळे माघार घेतली तो खर्च नियोजन करणाऱ्या राज्यसंस्थेने पत्करण्याजोगा मानला, कारण तिच्या जमाखर्चात प्रादेशिक विकास, परकीय चलनाची बचत आणि देशभर पोलादाचा पुरवठा या रकमाही धरलेल्या होत्या. मुख्यमंत्र्यांचा आग्रह याच ठिकाणी अर्थपूर्ण ठरतो: जागेची निवड जेव्हा बाजाराच्या हातून शासनाच्या हाती जाते तेव्हाच राजकीय आग्रहाला वजन येते. येथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे की सोव्हिएत संघाशी करार झाला त्या वेळी भिलाई ज्या राज्यात होते त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिले. नागपूरच्या संदर्भाशिवाय लिहिलेला भिलाईचा आरंभ अपुरा राहतो, ही बाब मराठी वाचकालाही बहुधा नवी असेल.

आता प्रतिज्ञा लिहिता येते, आणि ती यादीतल्या कोणत्याही एका मुद्द्यासारखी दिसत नाही: भिलाईच्या निवडीला खनिजाने शक्यता दिली, परंतु ती शक्यता प्रत्यक्षात आली ती उद्योगाची जागा ठरवण्याचा अधिकार नियोजनाच्या काळात राज्यसंस्थेकडे आल्यामुळे. हे विधान कोणी नाकारू शकेल, आणि म्हणूनच ते सिद्ध करण्याच्या योग्यतेचे आहे. ज्याच्याशी कोणाचेही दुमत होणार नाही असे विधान, उदाहरणार्थ ‘भिलाईची निवड अनेक कारणांनी झाली’, प्रतिज्ञा म्हणून निरुपयोगी असते. दुर्दैवाने उत्तरपत्रिकांत पहिले वाक्य म्हणून तेच सर्वाधिक आढळते.

नाकारता येण्याजोगे विधान केले की समोरच्याची बाजू मांडणे भाग पडते. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी प्रामाणिकपणे मांडायचे, त्याला पूर्वपक्ष म्हणायचे, आणि मग आपले उत्तर द्यायचे, ही रीत शास्त्रग्रंथांतून चालत आलेली आहे. शालेय उत्तरात ती ‘मात्र काही इतिहासकारांच्या मते’ अशा एका निनावी वाक्यावर भागवली जाते. पूर्वपक्षाला खरा आशय असला पाहिजे. समजा प्रश्न कारखान्याच्या परिणामांविषयी आहे आणि विद्यार्थ्याची प्रतिज्ञा अशी की कारखान्याने छत्तीसगडचा कायापालट केला. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, तिथून पुढची वाढ, शाळा, रुग्णालये, वसाहती ही त्याची सामग्री. या प्रतिज्ञेचा पूर्वपक्ष दल्ली-राजहऱ्याच्या खाणींत उभा आहे, जिथे कंत्राटी मजुरांनी १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली, जिथे त्याच वर्षी जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात मजूर मारले गेले, आणि जिथे १९८३ मध्ये मजुरांच्या संघटनेने स्वतःचे शहीद रुग्णालय सुरू केले. कायम कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला कारखान्याचे रुग्णालय असताना कंत्राटी मजुरांना आपले वेगळे रुग्णालय का बांधावेसे वाटले, हा प्रश्न कायापालटाच्या प्रतिज्ञेला सोडत नाही. नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली. हे सर्व ध्यानात घेणारे उत्तर आपली प्रतिज्ञा सोडून देईलच असे नाही; ते ती आवळून घेईल, कायापालट कोणाचा आणि किती अंतरापर्यंत हे सांगेल. पूर्वपक्षाचा उपयोग असा असतो की त्याने प्रतिज्ञेला मर्यादा घालून दिल्या की ती मर्यादांच्या आत अधिक भक्कम होते.

मराठी घरातील विद्यार्थ्यावर याहून नाजूक प्रसंग येतो तो छत्तीसगडातील नागपूरच्या भोसल्यांच्या सत्तेविषयी लिहिताना. महाराष्ट्रात जे मराठ्यांचा विस्तार म्हणून शिकवले जाते ते छत्तीसगडच्या इतिहासात कलचुरींच्या, म्हणजे रतनपूरच्या हैहयवंशी राजांच्या, पराभवानंतर आलेली बाहेरची सत्ता म्हणून येते. १७४१ मध्ये रघूजी भोसल्यांचा सेनानी भास्करपंत कोल्हटकर रतनपुरावर चालून गेला, ही घटना दोन्हीकडे एकच आहे, तिची जागा मात्र एका कथेत मधली आहे आणि दुसरीत शेवटची. अशा वेळी घरची बाजू घ्यावी की शाळेची, असा पेच मुलाला पडतो. खरे तर दोन्ही बाजू न घेता कालखंड पाडावेत. बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ पर्यंत स्वतः रतनपुरी राहून कारभार पाहत होता आणि रामटेकडीवरील मंदिरही त्याच्याच नावाशी जोडलेले आहे. त्याच्यानंतर १८१८ पर्यंत सुभेदारांमार्फत, म्हणजे नागपूरहून नेमलेल्या अधिकाऱ्यांमार्फत, कारभार चालला आणि सत्ताधीशाचे हित मुख्यतः महसूल नागपूरला पोचण्यात उरले. ‘राज्यकर्ता जिथे राहतो त्यानुसार राज्याचे स्वरूप पालटले’ ही प्रतिज्ञा या विभागणीतून निघते, आणि ती मराठ्यांची स्तुतीही करीत नाही, निंदाही करीत नाही.

याच विषयात पुराव्याची पारख शिकण्याचीही संधी आहे. सुभेदारांच्या काळाविषयी पुष्कळ माहिती मेजर ॲग्न्यू या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२० मध्ये लिहिलेल्या अहवालातून येते. अहवाल तपशीलवार आहे, तो समकालीनही आहे. पण तो लिहिणारा नुकत्याच हाती आलेल्या कारभाराचा प्रमुख होता, आणि आधीच्या व्यवस्थेचे दोष जितके ठळक तितकी नव्या व्यवस्थेची गरज उघड, हे त्याला कळत नसेल असे मानण्याचे कारण नाही. मराठी इतिहासलेखनात ही सावधगिरी वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडापासून रुजली, ज्याच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत त्यांनी बखरींची, म्हणजे घटनेनंतर रचलेल्या गद्य वृत्तान्तांची, समकालीन पत्रांच्या कसोटीवर कठोर छाननी केली. शाळकरी मुलाकडून मूळ कागद वाचण्याची अपेक्षा कोणी करीत नाही, परंतु ‘ॲग्न्यूच्या मते’ असे लिहून थांबण्याऐवजी ‘नव्या सत्तेचा अधिकारी असलेल्या ॲग्न्यूच्या मते’ असे लिहिणे त्याला जमण्याजोगे आहे, आणि त्या चार शब्दांत साधनचिकित्सा, म्हणजे पुरावा देणाऱ्याची भूमिका लक्षात घेऊन पुरावा तोलणे, होऊन जाते.

न्यायाच्या पाच अवयवांचा दाखला येथे दिला असला तरी इतिहासाला तो तंतोतंत लावता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. धूर आणि अग्नी यांच्यात जो न चुकणारा साहचर्यसंबंध मानला जातो, ज्याला व्याप्ती म्हणतात, तसा संबंध मानवी घटनांत सापडत नाही. जिथे नवा कर तिथे बंड, असे म्हणता येत नाही, कारण करांचे ओझे मुकाट वाहणारे प्रदेशही तितकेच असतात. १८५६ च्या दुष्काळात सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी व्यापाऱ्याचे धान्य काढून लोकांना वाटले आणि पुढे १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात त्यांना फाशी झाली; यावरून दुष्काळाने उठाव होतो असा नियम काढला तर त्याच दुष्काळात शांत राहिलेली शेजारची गावे तो खोटा पाडतात. म्हणून इतिहासाच्या उत्तरात व्याप्तीचे काम तुलनेला करावे लागते, आणि निष्कर्षाची भाषा त्या प्रमाणात संयत ठेवावी लागते: ‘मुख्यतः’, ‘त्या परिस्थितीत’, ‘काही अंशी’ हे शब्द भित्रेपणाचे नसून मापाचे असतात, मात्र माप घेतल्याशिवाय ते वापरले तर परीक्षकाला ते लगेच ओळखू येतात.

राहिला प्रश्न जागेचा आणि वेळेचा. तीन तासांच्या परीक्षेत ८ गुणांच्या एका उत्तराला पंचवीस-तीस मिनिटे मिळाली तरी पुष्कळ झाले, आणि त्यांतील पहिली चार-पाच मिनिटे पेन खाली ठेवून, प्रश्न फोडण्यात आणि कारणांना क्रम देण्यात घालवणे परवडते, किंबहुना तेवढेच परवडते. ३५० शब्दांत प्रतिज्ञेला दोन वाक्ये, तीन कारणांना प्रत्येकी एक परिच्छेद, पूर्वपक्षाला तीन-चार वाक्ये आणि निगमनाला दोन वाक्ये पुरतात. यापेक्षा अधिक कारणे माहीत असतील तर ती सोडून देण्याचे धैर्य लागते, आणि हुशार मुलांचे गुण बहुधा इथेच जातात. निगमन म्हणजे प्रतिज्ञेची नक्कल नव्हे, त्यात मधल्या परिच्छेदांनी घातलेली मर्यादा दिसली पाहिजे: आरंभी ‘राज्यसंस्थेच्या निर्णयामुळे’ असे लिहिलेले असेल तर शेवटी ‘खनिज व पाणी उपलब्ध असलेल्या जागांपैकी भिलाईची निवड राज्यसंस्थेच्या निर्णयामुळे’ असे येईल. नागपूरच्या संग्रहालयातील नकाशाची हकिगत कितीही रंजक असली तरी अशा उत्तरात तिला एका वाक्यापेक्षा अधिक जागा नाही, आणि खनिज पुरेसे नव्हते या विधानाशी तिचा सांधा जुळवणारा उपनय सोबत नसेल तर तेवढीही नाही.